ईदनंतरची मगरिब

रमजान लागला की आपल्या जिल्ह्यातल्या मराठी वर्तमानपत्रांत एक छायाचित्र हमखास येतं. पाच-सहा वर्षांचं लेकरू, अंगात नवा कुर्ता, गळ्यात फुलांचा हार, आणि खाली ओळ असते: चिमुकल्याने ठेवला पहिला रोजा. चिखली असो, मलकापूर असो की जळगाव जामोद, असे फोटो ठिकठिकाणचे येतात. मला ते मनापासून आवडतात. दिवसभर पाण्याचा घोट न घेतलेल्या लेकराला सगळा मोहल्ला डोक्यावर घेतो, दादी नजर उतरवते, मामा नवे कपडे आणतो. ह्या कौतुकात वावगं काही नाही.

पण पालकहो, तेच लेकरू दोन वर्षांनी सात-आठ वर्षांचं होतं. रमजान जाऊन महिना झालेला असतो. संध्याकाळी गल्लीत क्रिकेट खेळून ते घामाघूम घरात येतं, तेव्हा त्याला कुणी विचारतं का, की बाळा, आज एक तरी नमाज झाली का? पैगंबर हजरत मुहंमद यांनी मुलांना सातव्या वर्षापासून नमाजेची सवय लावायला सांगितलं. रोजा तर वयात आल्यावर फर्ज होतो. आपण नेमकं उलटं करतो. पाचव्या वर्षी रोजाचा सोहळा करतो आणि सातव्या वर्षी नमाज विसरतो, कारण रोजाला हार घालता येतो, फोटो काढता येतो. मगरिबच्या तीन रकातींचा फोटो कोण छापणार?

ईदनंतरच्या ह्याच दिवसांविषयी तुमच्याशी बोलायचं आहे. मी शाळेत शिकवते, आई आहे, आणि हे मराठीत लिहिते. कारण आपली कित्येक लेकरं मराठी शाळेत शिकतात आणि घरातलं हे बोलणं त्यांनीही वाचावं असं मला वाटतं.

शव्वाल लागला की घरोघरी एक तक्रार ऐकू येते. रमजानमध्ये पोरगं पाच वेळा मशिदीत जायचं, तरावीहला हाफिजसाहेबांच्या मागं पहिल्या सफेत उभं राहायचं, आता उठवलं तरी उठत नाही. पोरीनं महिनाभरात कुरआनचे तीसही पारे पूर्ण केले, आता रेहाल कपाटावर गेली. मग आपण म्हणतो, इमान कमजोर झालं, मोबाईलनं वाटोळं केलं. जरा थांबा. त्या पोराच्या इमानावर बोट ठेवण्याआधी घराच्या घड्याळाकडे बघा.

रमजानमध्ये आपलं अख्खं घर एका वेळापत्रकावर चालतं. पहाटे चारला स्वयंपाकघरात दिवा लागतो, तव्यावर रोट्या पडतात. पेंगुळलेली पोरं दस्तरखानावर येऊन बसतात, शेवटचा पेला पाणी पितात, आणि सगळे जागेच असल्यामुळे फजर होऊन जाते. संध्याकाळी दुकानदार अब्बा गिऱ्हाईक सोडून घरी येतात, वावरातला माणूस वेळेत परततो. अजानच्या आधी पाच मिनिटं सगळे गप्प बसलेले असतात. पुढ्यात खजूर, कापलेलं टरबूज, परातीत भजी. हात पुढे जात नाही, कान अजानकडे. खजूर तोंडात गेली की लगेच मगरिब. जेवणानंतर शेजारचा मित्र हाक मारतो, चल तरावीहला. ह्या सगळ्यात लेकराच्या स्वतःच्या निश्चयाचा वाटा किती? थोडा. बाकीचं ओझं घर उचलतं, गल्ली उचलते, मशीद उचलते.

चाँदरातीला हे वेळापत्रक एका झटक्यात मोडतं. अब्बा पुन्हा रात्री दहाला येतात. अम्मी पोरांना आठला वाढून मोकळी होते. थोरला खोलीत मोबाईलसमोर जेवतो, धाकटी टीव्हीसमोर. फजरला कुणी उठत नाही, कारण सेहरी नाही. आणि ज्याच्या पाठीवरचा आधार आपण मोठ्यांनी काढून घेतला, त्या बारा वर्षांच्या पोराकडून आपली अपेक्षा असते की त्यानं एकट्यानं पाचही वेळा उभं राहावं!

त्यात आपल्याकडचा काळही बघा. 2025 साली रमजान 2 मार्चला लागला आणि ईद 31 मार्चला झाली. दहावी-बारावीच्या पोरांनी रोजे ठेवून बोर्डाचे पेपर दिले. ईदनंतर खालच्या वर्गांच्या परीक्षा, आणि मग सुट्टी. विदर्भातल्या शाळा उन्हामुळं उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. घाटाखाली पारा चाळिशी केव्हाच ओलांडतो; नांदुरा, शेगाव, खामगावात दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. घाटावर जरा बरं, इतकंच. मुलं रात्री बारा-एकपर्यंत जागतात आणि सकाळी नऊला उठतात. वर्षातला सगळ्यांत शिस्तीचा महिना संपतो, आणि परीक्षा सरताच वर्षातले सगळ्यांत सैल दिवस येतात. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, त्यामुळं येती काही वर्षं ईद आणि सुट्टी यांच्यामध्ये शाळेचे दिवस वाढत जातील. घराची घडी बसवायला ही चांगली संधी आहे.

मग करायचं काय? माझं सांगणं एवढंच आहे, की सगळा रमजान धरून ठेवायला जाऊ नका. एक वेळ धरा. आणि ती वेळ मगरिबची असू द्या.

मगरिबच का, ते सांगते. फजर मोठी आहे, पण लेकराला तिथून सुरुवात करायला लावली की रोज सकाळी घरात आरडाओरडा होतो आणि नमाज म्हणजे ओरडा असं त्याच्या डोक्यात बसतं. जोहरला ते शाळेत असतं. असरला खेळात. इशाला पेंगतं. मगरिब दिवस मावळताना येते, आणि महिनाभर त्याच क्षणी सगळं घर एकत्र बसलेलं असतं. शरीराला त्या वेळेची आठवण असते. इफ्तार गेला तरी त्या वेळची बैठक मोडू नका. सतरंजी अंथरा, खजूर असेल तर एकेक द्या, नसेल तर गूळ-पाणी द्या. तीन फर्ज, दोन सुन्नत, दोन ओळींची दुआ. दहा मिनिटांचं काम. एप्रिलात पावणेसातच्या सुमारास, जूनमध्ये सात वाजल्यानंतर. ज्यांचं दुकान ऐन त्या वेळी चालतं त्यांनी इशा धरावी, पण एकच धरावी, आणि ती सगळ्या घरानं मिळून धरावी. बाकीच्या चार नमाजा माफ झाल्या असा ह्याचा अर्थ कुणी काढू नये. मोठ्यांवर पाचही फर्जच आहेत. मी बोलते आहे ते लेकरांच्या अंगवळणी काय पडेल त्याबद्दल.

कुणाला हे फार थोडं वाटेल. महिनाभर रात्र-रात्र जागणाऱ्यांना दहा मिनिटं म्हणजे काय? त्यांना हजरत आयेशा यांची साक्ष सांगते, बुखारी आणि मुस्लिम ह्या दोन्ही हदीससंग्रहांत ती आहे: अल्लाहला सगळ्यांत प्रिय ते काम, जे नेमानं होतं, मग ते थोडं का असेना. आणखी एक प्रसंग मला फार जवळचा वाटतो. पैगंबर मशिदीत आले तेव्हा दोन खांबांच्या मध्ये एक दोर बांधलेला दिसला. चौकशी केली तर कळलं, हजरत जैनब रात्रीच्या नमाजेत उभ्या राहून थकल्या की त्या दोराला धरतात. पैगंबरांनी तो दोर सोडायला लावला. अंगात हुशारी आहे तोवर नमाज पढा, थकलात तर बसा, असं त्यांनी सांगितलं. पैगंबरांच्या स्वतःच्या घरातल्या बाईला हे सांगणं होतं. आपण मात्र लेकराच्या हाती पाच-पाच दोर देतो, आणि दोर सुटला की रागावतो.

अब्दुल्लाह बिन अम्र नावाचे तरुण सहाबी होते. त्यांना रोज रोजा ठेवायचा होता आणि रोज रात्री अख्खं कुरआन वाचायचं होतं. पैगंबरांनी त्यांना वारंवार कमी करायला सांगितलं. ते वाढवून मागत राहिले. म्हातारपणी ताकद ओसरली तेव्हा ते म्हणायचे, मिळालेली सवलत मी तेव्हाच घेतली असती तर बरं झालं असतं. रात्री नमाज पढायचा आणि पुढं सोडून दिली अशा एका माणसासारखा होऊ नकोस, असंही पैगंबरांनी ह्याच अब्दुल्लाहना बजावलं होतं. त्या माणसाचं नाव हदीसीत सांगितलेलं नाही. आरंभशूरांची अडचण तेव्हाही होती, हे कळल्यावर मला तर धीर येतो.

कुरआनच्या सोळाव्या सूरेत एक बाई येते. मेहनतीनं पीळ देऊन कातलेलं पक्कं सूत ती स्वतःच उकलून टाकते. तिच्यासारखं होऊ नका, असं तिथं बजावलं आहे. मूळ संदर्भ शपथा आणि करार मोडण्याचा आहे, पण रमजाननंतर ही आयत जाणकार नेहमी सांगतात. आपल्या जिल्ह्याला ती समजवायला लागत नाही. कापसासाठी 1870 साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला, तो हा मुलूख. वेचणीला वाकलेल्या बायांची पाठ इथं प्रत्येकानं पाहिली आहे. एवढ्या कष्टाचं सूत स्वतःच्या हातानं उकलणं म्हणजे काय, हे पऱ्हाटीच्या गावात वाढलेल्या लेकराला एका वाक्यात कळतं. सांगून बघा.

आता वडिलांशी थोडं स्पष्ट बोलते. भाईजान, रोजात तुम्ही पहाटे सव्वापाचपासून संध्याकाळी साडेसहापर्यंत खर्रा तोंडात टाकत नाही. तेरा तास. बिडी नाही, तंबाखू नाही. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी टपरीवर हवं ते मिळतं हे आपल्याला ठाऊक आहे, आणि रोजात तुम्ही त्या टपरीवरून सरळ निघून जाता. मग ईदच्या सकाळी ईदगाहवरून परतताना, शीरखुर्म्याआधी, तुमचा हात खिशात जातो. पुडी निघते. शेजारी चालणारं नवं टोपीवालं लेकरू ते बघतं. त्या एका क्षणात ते रमजानबद्दल जे शिकतं, ते मौलानांच्या तीस दिवसांच्या बयानापेक्षा खोल जातं. ते शिकतं की हा महिना म्हणजे थोपवून धरणं होतं, आणि थोपवलेलं आता सोडायचं. उद्या त्यानं नमाज सोडली तर त्याला काय सांगणार?

तेरा तास ज्याला जमतं, त्याला पुढंही जमू शकतं. एका दिवसात सुटणार नाही हे मी जाणते; तंबाखूची ओढ खरी असते, गरज पडली तर सरकारी दवाखान्यात जाऊन मदत घ्या. पण निदान रोजातल्या दुपारी शव्वालमध्येही राखा. लेकराला सांगा की अब्बांनी रमजानमधून हे एवढं घरी आणलं. तुमच्या दहा नसीहतींचं काम हे एक वाक्य करेल.

दुसरं, रमजानमध्ये कुणी भांडायला आलं तर आपण म्हणतो, माझा रोजा आहे. ही पैगंबरांचीच शिकवण. त्या महिन्यात सासू-सुनेचा आवाज खाली असतो, भावाभावांचा बांधावरचा वाद पुढं ढकलला जातो. ईदनंतर तो तसाच पुढं ढकललेला राहिला तर चालणार नाही का?

आणि सुन्नत नमाज घरी पढत चला. घरांच्या कबरी करू नका, नमाजेचा काही भाग घरात होऊ द्या, असं हदीसमध्ये आहे. आपले पुरुष सगळं मशिदीत उरकून येतात, मग घरातल्या पोरी अब्बाला सजद्यात कधी बघणार? दोन वर्षांचं लेकरू सजद्यातल्या बापाच्या पाठीवर चढलं पाहिजे. तिथून त्याची नमाज सुरू होते.

आयांशी बोलायचं आहे ते पोरींबद्दल. पाळीच्या दिवसांत रोजा नसतो. ते रोजे नंतर भरून काढायचे असतात, म्हणजे कजा. रमजानमध्ये वयात आलेली पोर हे दिवस चोरासारखे काढते. भावांसमोर सेहरीला उगाच उठते, दिवसभर लपून पाणी पिते. नंतर ते सहा-सात रोजे वर्षभर तिच्या मनावर ओझं होऊन बसतात, दुसरा रमजान येतो आणि हिशेब तसाच. अम्मीनं हे उघड बोलावं. तुझे सहा, माझे सात, चल दोघी मिळून सोमवार-गुरुवार धरू. उन्हाळ्यात जमत नसेल तर थंडीत. डिसेंबरात आपल्याकडे दिवस अकरा तासांचा असतो, मध्ये फक्त दुपारचं एक जेवण सुटतं. माय-लेकीनं असा मिळून ठेवलेला कजाचा एक रोजा मला पाच वर्षांच्या चिमुकलीच्या हार-फोटोपेक्षा मोलाचा वाटतो.

शव्वालचे सहा रोजे पुष्कळ घरांत ठेवतात. रमजाननंतर हे सहा ठेवले की वर्षभर रोजे ठेवल्याचं पुण्य, अशी सहीह मुस्लिममध्ये हदीस आहे. एका नेकीचे दहा ह्या हिशेबानं तीस आणि सहाचे तीनशे साठ होतात, असं जाणकार समजावतात. ते सलग ठेवावे लागत नाहीत. ज्यांना झेपतील त्यांनी जरूर ठेवावेत. पण वावरात सरी पाडणाऱ्या, विटा वाहणाऱ्या माणसाला एप्रिलच्या उन्हात ते जमले नाहीत म्हणून कुणी त्याच्याकडे कमीपणानं बघू नये. ते ऐच्छिक आहेत.

मकतबात पोरं कायदा शिकतात, पारे पूर्ण करतात, उच्चार सुरेख असतो. अर्थ विचारला की गप्प. सूरह फातिहाच्या सात आयती आहेत. पाच वेळच्या फर्ज नमाजेच्या सतरा रकाती, प्रत्येक रकातीत फातिहा. वयात आल्यावर दिवसातून सतरा वेळा ज्यांच्याशी गाठ पडायची त्या सात आयतींचा अर्थ लेकराला ठाऊक नसावा, हे बरं नाही. मराठीत कुरआनचे अनुवाद मिळतात. मगरिबनंतर आठवड्याला एक आयत घ्या. अर्थ मराठीत सांगा, उर्दूत सांगा, घरात बोलता त्या दखनीत सांगा. सात आठवड्यांत फातिहा होईल, बकरी ईदच्या अलीकडेच. दोन ईदींमध्ये अडीच महिनेही नसतात. 2025 साली बकरी ईद 7 जूनला होती. तिच्या आदल्या दिवशी अरफाचा रोजा येतो. ज्या घरानं मधली मगरिब जपली असेल, त्या घराला तो रोजा परका वाटणार नाही.

जकातीबद्दल एक सूचना आहे, थोडी बाजूची. आपल्याकडे बहुतेक जकात रमजानमध्येच निघते. साडेबावन्न तोळे, म्हणजे 612 ग्रॅम चांदीच्या किमतीएवढी मालमत्ता वर्षभर ज्याच्यापाशी राहिली त्यानं अडीच टक्के द्यायचे, हा हिशेब चांदीच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या खामगावच्या माणसाला मी काय सांगावा. पण गरिबाच्या पोराला वह्या, गणवेश, चप्पल जूनमध्ये लागतात, तेव्हा देणारा हात आखडलेला असतो. जकात वर्ष भरण्याआधी आगाऊ देता येते. पुढच्या वर्षीच्या जकातीतला काही भाग शाळा उघडताना द्या, आणि देताना लेकराला सोबत न्या. घेणाऱ्याचा चेहरा, नाव, फोटो मात्र कुठं येऊ देऊ नका.

आपला जिल्हा गर्दीच्या भक्तीला नवखा नाही. होळीच्या सुमारास पिंपळगाव सराईजवळ सैलानीबाबांच्या दर्ग्यावर यात्रा भरते, हिंदू-मुसलमान दोघेही लोटतात. आषाढीला शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला पायी जाते. आपल्या शेजारच्या वारकऱ्याकडं जरा बघा. तो वारीहून परतला की गळ्यातली तुळशीची माळ काढून ठेवत नाही. वर्षभर एकादशी धरतो, संध्याकाळी हरिपाठ म्हणतो, मांस-मद्याला शिवत नाही. वारी काही दिवसांची, नेम बारा महिन्यांचा. त्याचा मार्ग वेगळा, आपला वेगळा. पण नेम घरात कसा टिकतो हे शेजाऱ्याकडून शिकायला काय हरकत आहे? त्याच्या ओट्यावर संध्याकाळी सगळं घर बसतं. आपल्याकडेही ती वेळ मगरिबचीच आहे.

सुट्टीत मुलांना घेऊन मोताळा तालुक्यात रोहिणखेडला एकदा जा. चारशे वर्षांहून जुनी दगडी मशीद आहे तिथं. मुलांना त्या दगडांवर हात ठेवू द्या, बांधणारे कोण होते ते विचारू द्या. मोबाईलमधल्या दहा बयानांपेक्षा असली एक दुपार त्यांच्या लक्षात राहते.

एक दिवस मगरिब चुकेल. लग्न असेल, पेरणी असेल, पाहुणे येतील, आजारपण येईल. चुकली म्हणून सगळं सोडू नका आणि लेकराला बोल लावू नका. मदिन्यात आशूऱ्याच्या रोजाला आया लहान मुलांनाही रोजा ठेवायला लावायच्या, आणि एखादं भुकेनं रडायला लागलं की त्याच्या हातात लोकरीचं खेळणं द्यायच्या, मगरिब होईपर्यंत. हजरत रुबय्यिअ यांनी ही आठवण सांगितली आहे, आणि ती बुखारी-मुस्लिममध्ये आहे. एवढी माया त्या शिस्तीत होती.

तेव्हा भाईजान, बाजी, पुढच्या जुम्म्याची वाट बघू नका. आजच मगरिबला पाच मिनिटं आधी घरी या, सतरंजी तुम्ही स्वतः अंथरा, आणि लेकराला हाक मारा.